कढीपत्त्यावरचे पाहुणे

चंद्रप्रभाबाईंच्या गाझियाबादच्या बाल्कनीत कढीपत्त्याचं झाड होतं, आणि त्याचं पान तोडायची मुभा एकट्या त्यांना होती. इकडच्या थंडीत त्यांनी ते जुन्या साड्या गुंडाळून जगवलेलं. असलं झाड अळ्यांना खाऊ द्या म्हणून सुनेनं सांगावं, म्हणजे हद्दच झाली!

"थोडं खाऊ द्या ना, आई," केतकीनं मोबाइलवर हिरवीगार, गुबगुबीत अळी दाखवली होती. "हिचं काळं-पिवळं फुलपाखरू होतं. रविवारी माझा मित्र गुणवंत येतोय फोटो काढायला. औषध तेवढं मारू नका."

"नाही मारत. अळीची एवढी काळजी! कधी सासूचीही करत जा."

औषध त्यांनी खरंच मारलं नाही. उलट रोज सकाळी ओल्या फडक्यानं पानं पुसली. मेल्या कबुतरांनी सगळीकडे शिटून ठेवलेलं. जेवायला येणाऱ्यापुढे खरकटं ताट कोण ठेवतं?

रविवारी गुणवंत दिल्लीतल्या मुनिरक्याहून मेट्रो बदलत बदलत आला. गळ्यात कॅमेरा, चपला मात्र दाराबाहेर. मुलगा वळणाचा होता. केतकीनं पानं उलटीपालटी करून पाहिली. अळीचा पत्ता नाही.

"मागच्या आठवड्यात होत्या रे," ती पुटपुटली. आठवडाभर ऑफिसच्या कॉलमध्ये डोकं घालून बसणारी ही पोर आज सकाळपासून गुणगुणत होती. आता तिचं तोंड एवढंसं झालं.

"नीट बघ. लहानपणी त्या हिरव्या नसतातच," गुणवंत म्हणाला. "तपकिरी-पांढऱ्या, थेट पक्ष्याच्या शिटेसारख्या. पक्ष्यांना चकवायला."

चंद्रप्रभाबाईंनी पानं पुसायच्या फडक्याकडे चोरून पाहिलं. केतकीची नजर कठड्यावर वाळणाऱ्या फडक्यावर गेली, तिथून सासूकडे आली. आता बोलणार ही. तेही परक्यासमोर. आणि बोलली तर तिचं चुकलं तरी काय?

"कबुतरांनी खाल्ल्या असतील," केतकी म्हणाली.

"कबुतरांनी? यार, ती दाणे खातात."

"आमच्याकडची खात असतील."

शब्दाला शब्द देणारे चंद्रप्रभाबाईंना आयुष्यात पुष्कळ भेटले होते. त्यांच्यासाठी शब्द गिळणारी ही पहिलीच.

"गुणवंतराव, कबुतरांना कशाला बदनाम करता? मी पुसल्या, शीट समजून. आमच्या केतकीला खोटं बोलायला तेवढं शिकवायचं राहिलं!"

केतकीला हसू फुटलं. चंद्रप्रभाबाई मात्र कठडा धरून हळूहळू खाली टेकल्या. गुडघ्यांपायी त्यांचं फडकं खालच्या फांद्यांपर्यंत कधी पोचलंच नव्हतं. तिथे एका पानावर शीट पडली होती. त्यांनी अलगद बोट लावलं. शिटेनं डोकं वर केलं आणि दोन तांबडी शिंगं बाहेर काढली.

"अगंबाई! ही तर माझ्यावरच डाफरते!"

"मग आपल्याच घरातली आहे, आई," केतकी म्हणाली, आणि त्यांच्या शेजारी फरशीवर पालथी पडून बघू लागली.

गुणवंतला जेवल्याशिवाय सोडायचा प्रश्नच नव्हता. कढीच्या फोडणीत मोहरी तडतडली, जिरं, मिरची पडली. चंद्रप्रभाबाई सवयीनं बाल्कनीकडे वळल्या, आणि दारातूनच मागे फिरल्या.

"आई, कढीपत्ता राहिला!"

"राहू दे. तिला आता लागेल, वाढीचं वय आहे."

मग सुनेच्या भातावर तुपाची धार जरा जास्तच धरत त्या म्हणाल्या, "कढी फिकी लागली, तर घाल कबुतरांच्या नावावर."