मधली रिंग

"उस्ताद, धूर बघा, निळा! इंजिन तुम्हीच बांधलंत आणि आता गाडी पेट्रोलपेक्षा ऑइलच जास्त खातेय." टॅक्सीवाल्याने वैतागून ॲक्सिलरेटर दाबला.

उस्तादांनी सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं. ओलं, काळं तेल हाताला लागलं. बाहेर कुठे गळती नव्हती. कॉम्प्रेशन मोजलं, तर चारही सिलिंडर ठणठणीत. व्हॉल्व्हची सीलंही शाबूत.

"रिंगाच हलक्या दिल्या असणार दुकानदाराने," ते पुटपुटले. त्यांनी बांधलेलं इंजिन कधी परत आल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं.

टॅक्सीवाल्याला घरी पाठवून त्यांनी इंजिन उघडलं. पिस्टनवरच्या तीन रिंगांपैकी मधली तेल खाली खरवडते. उलटी बसली तर तेच तेल वर ओढते. म्हणून तिच्या एका अंगाला खूण असते, ती वर ठेवायची. पहिला पिस्टन बरोबर होता. दुसराही. तिसऱ्यावर खूण खाली होती. चौथ्यावरही.

उस्तादांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

कपाटात सुटे भाग लावत असलेल्या बायकोला त्यांनी विचारलं, "अगं, हे इंजिन बांधलं त्या दिवशी आणखी कोणी हात लावला होता का?"

"तुमच्या कामाला हात लावायची कोणाची टाप आहे?" ती हसली. मग तिचं हसू ओसरलं. "त्या दिवशी मी चहा घेऊन आले, तर तुम्ही नुसते बघत राहिलात. म्हणालात, 'बाई, गाडी संध्याकाळी मिळेल.' मला वाटलं, थट्टा करताय."

उस्तादांना तो चहा आठवेना. ती दुपारच आठवेना.

"त्यानंतर कुठल्या गाड्या केल्या मी?"

"एकच. आपल्या लेकीची. ब्रेक केलेत ना तिचे."

लेक सकाळीच छोट्या नातीला घेऊन डोंगरापलीकडे निघाली होती. बायकोने फोन लावला. तो वाजत राहिला. पुन्हा लावला. उस्तादांच्या हातातल्या पिस्टनवरून तेल मनगटापर्यंत ओघळलं, तरी त्यांना तो खाली ठेवायचं सुचलं नाही.

"काय गं आई?"

उस्तादांनी फोन ओढून घेतला. "गिअर खाली टाक. हळूहळू हँडब्रेक ओढ आणि गाडी कडेला लाव. आता एक वीतही पुढे नेऊ नकोस."

"अहो बाबा, पुढच्या चाकातून मघापासून कडकड येतेय. म्हटलं, हा उतार संपला की बघू."

बऱ्याच वेळाने तिचा फोन आला. "जवळचा एक मेकॅनिक आलाय. ब्रेकचा एक बोल्ट पडलाय आणि दुसरा नुसत्या बोटाने फिरतोय." ती थबकली. "तो म्हणतो, कुणा शिकाऊ माणसाचं काम दिसतंय. बाबा? ऐकताय ना?"

"त्याला सांग, चारही चाकं उघडून बघ म्हणावं."

संध्याकाळी टॅक्सीवाला आला. "सापडला का दोष?"

"सापडला. पण पुढचं काम पलीकडच्या गॅरेजवाल्याकडून करून घे. मी त्याच्याशी बोललोय."

"का हो? तुमच्या हाताला काय झालं?"

 नळाखाली हात धरून उस्ताद नखांतलं तेल घासत राहिले. बायकोने टॉवेल पुढे केला. तो घेताना त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे नीट, सावकाश पाहून घेतलं.