पुंजण्याला चिकटून

दामिनी पहिली आली, हे करडीत सगळ्यांनी पाहिलं. हेमराजच्या किराणा दुकानात, गुळाच्या ढेपेला टेकवलेल्या मोबाइलवर, पंधरा माणसांनी एकमेकांच्या खांद्यावरून पाहिलं. देशभरातल्या मुली, छपराखालचं मैदान, दोन फेऱ्यांची चारशे मीटरची शर्यत, आणि शेवटच्या रेघेवर सेवकरामची पोरगी दोन हात पुढे! हेमराजने बरणी उघडून सगळ्यांना बत्तासे वाटले. फुकट वाटले, यावरूनच प्रसंग केवढा होता ते समजून घ्या.

मग पडद्यावर निकालाची यादी आली. सहा नावं होती, आणि दामिनीचं सगळ्यात खाली. बाकीच्यांपुढे वेळ लिहिलेली, हिच्यापुढे नुसती डी आणि क्यू ही दोन इंग्रजी अक्षरं.

"डी म्हंजे डिस्टिंक्शन असन," हेमराज म्हणाला.

"मंग खाली कायले टाकलं?" सेवकराम म्हणाला.

"यादी उलटी लावली असन."

कोणी म्हणालं घड्याळ बिघडलं, कोणी म्हणालं राजकारण झालं. एक म्हातारा म्हणाला, जिल्हा तुटून गोंदिया येगळा झाल्यापासून आपले कागद गोंदियालेच जातात, तिकडं पाहा. प्रत्येकाजवळ कारण होतं आणि एकही दुसऱ्याशी जुळत नव्हतं. सेवकरामला मुळात पळायला छप्पर कशाला लागतं इथपासूनच कळलं नव्हतं. आता तर डोकं पार भणभणलं. डोळ्यांनी पाहिलेलं खरं धरावं की पडद्यावर लिहिलेलं?

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. भूपेंद्र सरांचा होता. हे दामिनीचे भंडाऱ्याचे प्रशिक्षक. दोन वर्षांपूर्वी तिला वसतिगृहात ठेवून घेताना त्यांनी एकच अट घातली होती. आजपासून पोरीला पळणं दुसऱ्या कोणी शिकवायचं नाही, बापानेसुद्धा नाही.

"काका, पोरीनं घोळ केला," सर म्हणाले. "पयली फेरी आपल्याच पट्ट्यातून पळाची असते. खुनेची रेघ आली का मंगच आतल्या बाजूले याचं. ही त्याच्या आधीच वळनावर आत घुसली. बाद केलं तिले."

"पन पयली आली ना जी?"

"आखूड वाटेनं गेल्यावर कोनीबी पयलं येते, काका. दोन वरसं घोकून घेतलं मी. कोनं शिकवलं म्हनून इचारलं, तर म्हनते कोनीच नाई, माझ्याच मनानं गेली. आपल्याच मनानं चालनाऱ्या पोरीले ठेवून मी काय करू? उद्याच्या गाडीनं गावाले धाडतो."

सेवकराम बत्तासा हातात तसाच धरून दुकानाबाहेर आला.

कोणी शिकवलं, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? दिवाळीत पोरगी घरी आली होती. शेतात कापलेल्या धानाचे भारे रचून दोन मोठी पुंजणी उभी होती. पहाटे सहाला तो तिला त्या दोन पुंजण्यांभोवती पळवायचा आणि मधे उभा राहून ओरडायचा, "चिकटून वळ! पुंजण्याले चिकटून! बाहेरून गेली का चार पावलं फुकट!" मळणीत आतला बैल कमी चालतो, हे त्याने जन्मभर पाहिलं होतं. जवळची वाट धरणं म्हणजे हुशारी. त्या हुशारीला तिथे चोरी म्हणतात, हे त्याच्या बापजन्मात कोणी सांगितलं नव्हतं.

घरी जानकीबाई अंगणात उभी होती. बातमी तिच्यापर्यंत अर्धीच पोचली होती.

"अजी, जिकली तर बाद कायची?"

त्याने समजावलं. एकदा समजावलं, तिला कळलं नाही. दुसऱ्यांदा त्याचंच त्याला कळेना. शेवटी काडी घेऊन मातीत दोन गोल काढले आणि पोरगी कुठून आत शिरली ते दाखवलं, आणि 'माझ्याच मनानं गेली' म्हणाली म्हणून सर तिला घरी धाडताहेत, हेही सांगितलं.

जानकीबाईने गोलाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "म्हंजे तुमीच शिकवलं."

"हाव."

"अन् पोरगी सगळं आपल्याच डोक्यावर घिऊन राहिली."

सेवकरामने हातातली काडी बाजूला टाकली. त्याच्या मनात एक लबाड विचार येऊन बसला होता, आणि तो गोडही होता. गप्प बसलं तर पोरगी घरी येईल. पहाटे पुन्हा बापलेक शेतात जातील. सर नाहीत, वसतिगृह नाही, चोरूनमारून काही नाही. दोन वर्षांत त्याला तिची आठवण आली नाही असा दिवस गेला नव्हता. पोरगी हवी होती त्याला घरात. पण तिला पळताना पाहणंही हवं होतं, आणि यातलं कोणतं जास्त, हे त्याला सांगता आलं नसतं.

"फोन लावा," जानकीबाई म्हणाली.

त्याने लावला. "सर, मीच शिकवलं. दिवाळीले. संक्रांतीले आली तवाबी. तिचा कसूर नाई."



"मी काय म्हनलो होतो, काका?"

"कोनी शिकवाचं नाई म्हनून."

"मंग आता आयका. ती राहीन माझ्यापाशी. पन वरसभर सुटीत घरी पाठवनार नाई. ना दिवाळीले, ना संक्रांतीले. तुमी भेटाले या, पन मैदानावर पाय ठेवाचा नाई. कबूल?"

जानकीबाईने पदर तोंडाला लावला. सरांचा आवाज फोनबाहेर येत होता; दिवाळीला पोरगी येणार नाही, हे तिनेही ऐकलं होतं.

"कबूल जी," सेवकराम म्हणाला.

मग फोन दामिनीच्या हातात गेला. ती रडून रडून घोगरी झाली होती. "बाबा, कायले सांगितलं तुमी? तुमचं नाव मी घेतलंच नव्हतं. मी येऊन राहिली होती ना घरी. बॅग भरून झाली माझी."

त्याच्या जिभेवर 'ये' आलं होतं.

"बॅग उघड, बेटा," तो म्हणाला. "कपडे काढून ठेव. अन् सर सांगतीन तसं पळ."