नळी आणि निखारा

पारगावात ऊसतोड सोडून माणसं आमच्या ओसरीत दाटली होती. माझ्या वडिलांच्या, तात्यांच्या, फोटोपुढे धुपाटण्यात निखारा. गोरखबुवा घोंगडीवर डोळे मिटून बसलेले.

"सोपानतात्या, हायेस का?"

निखारा लखलखला, ठिणग्या उडाल्या. बायकांनी हात जोडले.

"श्वास हाय त्याचा मशिनीत!" बुवा म्हणाले. " घराबाहेर काढलं तर जीव उघड्यावर पडंल."

तात्या गेले, तरी त्यांचं ऑक्सिजनचं मशीन कोपऱ्यात घरघरत होतं. आई बंद करू देईना. श्वासाला वाट हवी म्हणून बुवांनी नळी फोटोच्या हारापर्यंत नेली होती.

शेजारच्या सावळारामकाकांची बायको साळुबाई दारातून म्हणाल्या, "वहिनी, आमच्या ह्यांना लई दम लागलाय. डॉक्टर म्हनले, मशीन लावा. भाड्याचं मिळंस्तवर तरी द्या."

आईने बुवांकडे पाहिलं.

"तात्या, देऊ का मशीन?" बुवांनी विचारलं.

निखारा काळवंडला. मशीन चिरक्या आवाजात ओरडू लागलं.

"नाय म्हनतोय! रडतोय बघा!"

तो आवाज मी ओळखत होते. तात्या कुशीवर वळले, नळी दबली, की मशीन असंच ओरडायचं. मी झोपेतच नळी चाचपत त्यांच्या खांद्यापर्यंत जायचे. आताही हात आपोआप निघाला. भिंतीकडेने, घोंगडीखाली. हाताला तात्यांचा खांदा हवा होता. लागली बुवांची टाच.

"पाय काढा, बुवा."

"पोरी, देवाच्या कामात..."

मी नळी ओढली. ओरडणं थांबलं, निखारा पुन्हा फुलला.

"आरं, तात्या बुवाच्या टाचंखाली व्हता व्हय!" कुणीतरी म्हणालं.

निखारा मी अंगणात नेऊन विझवला. ऑक्सिजनजवळ विस्तव म्हणजे घर पेटवणं. पुण्याच्या प्रयोगशाळेत मी प्लास्टिकच्या पातळ पडद्यांत झिओलाइट या सच्छिद्र खनिजाचे कण बसवते; वायू वेगळे करायला. या मशीनमध्येही झिओलाइटचेच दाणे असतात. ते हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात, ऑक्सिजन पुढे जातो. त्याने निखारा फुलतो.

"आई, यात तात्यांचं काही नाही. याच खोलीतली हवा आहे. तुझी, माझी."

हे मोठ्याने म्हणणं मी इतके दिवस टाळलं होतं.

आईने स्वतः बटण बंद केलं. घर एकदम मुकं झालं.

गेलेल्या माणसाला आठवायला बुवा लागत नाही. हात जोडण्याआधी एकदा नळी चाचपून पाहा. श्वास जिवंत माणसाला लागतो.

संध्याकाळी भिंतीपलीकडून, साळुबाईंच्या घरातून, मशीनची घरघर आली. आई दचकून उठली. "हे..."

मग हळूच बसली. "सावळारामभावजींना लागली वाटतं झोप."