नळीचं दुसरं टोक

माझा नवरा दिवसभर लोकांच्या घरात फरशा बसवतो आणि संध्याकाळी घरी येऊन आपल्या घरात फरशा बसवतो. मधल्या वेळात तो जेवतो, तेही उभ्याने. मी एकदा त्याला म्हटलंसुद्धा, अरे, तुझं तोंड विसरायला झालंय मला, पाठ मात्र गर्दीतही ओळखेन. त्यावर तो हसला नाही. ‘सिमेंटचा मसाला वाळतोय,’ म्हणाला आणि गेला आत.

घर म्हणजे फार काही नाही. पुढची खोली, डाव्या हाताला स्वयंपाकघर, उजव्या हाताला आतली खोली, संपलं. आतली खोली बाळासाठी करायची म्हणून त्याने ती खणून काढली आणि तिच्यातलं सगळं सामान पुढच्या खोलीत आलं. कपाट, ट्रंका, गाद्या, माझं शिवणयंत्र, आणि मी. यंत्रावर प्लॅस्टिक टाकलंय, त्यावर गाठोडी आहेत, त्यामुळे लोकांचे कपडे उसवून-शिवून द्यायचं माझं काम कधीच बंद पडलंय. धुळीचं तर विचारूच नका. डब्याची झाकणं कितीही घट्ट लावा, साखरेत कच लागतेच. दिवसभर मी त्या पसाऱ्यात बसून असते आणि पोटातल्याशी गप्पा मारते. तो निदान लाथ तरी मारतो.

सुरुवातीला असं नव्हतं. त्यांच्या धंद्यात एक पाण्याची नळी असते. चांगली लांबलचक, आरपार दिसणारी, आत पाणी भरलेलं. एका भिंतीवरची उंची समोरच्या भिंतीवर नेमकी न्यायची असेल, तर एक टोक एकाने धरायचं, दुसरं दुसऱ्याने. इकडे पाणी ज्या उंचीवर, तिकडेही त्याच उंचीवर. पाणी हलायचं थांबलं की पेन्सिलीने खूण करायची. कामावर त्याच्याकडे लाल रेघ टाकणारं मशीन आहे, पण घरी तो ही नळीच काढतो. ती त्याच्या बाबांची. तेही फरशीवालेच.

खोलीचं काम निघालं तेव्हा नळीचं दुसरं टोक मी धरायचे. तो तिकडून विचारायचा, ‘थांबलं?’ मी म्हणायचे, ‘थांबलं.’ कधी मुद्दाम म्हणायचे, ‘नाही रे, हलतंय अजून,’ म्हणजे त्याला तसंच हात वर करून उभं राहावं लागायचं आणि त्याचा शर्ट वर जाऊन पोट दिसायचं. मग माझंही पोट दिसायला लागलं. एका संध्याकाळी आत डोकावले तर दुसरं टोक खिळ्याला बांधलेलं. ‘तू कशाला उभी राहतेस,’ म्हणाला, ‘खिळा धरतो.’ काळजीच होती ती, एवढं कळतं मला. पण त्या दिवसापासून त्या खोलीत माझं काही काम उरलं नाही, आणि मी पुढे येऊन गाठोड्यांत तोंड खुपसून रडले. खिळ्याचा राग येणारी बाई जगात मी एकटीच असेन.

पोटाला तर त्याने हात लावलेलाच नाही. बाळ हललं की मी हाक मारायचे, अरे ये, ये लवकर. तो दारात यायचा, तळवे दाखवायचा. ‘हात खराब आहेत माझे.’ मी म्हणायचे, धुऊन ये. तो धुवायला म्हणून जायचा आणि तिकडूनच सिमेंटची गोणी उचलून आत पसार व्हायचा. दर वेळी तेच. शेवटी मी हाक मारायची सोडली.

दवाखान्यातही तेच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुढच्या वेळी यजमानांना घेऊन या. पुढच्या वेळी त्याचं काम निघालं, त्याच्या पुढच्या वेळीही निघालं. तिथल्या बाकावर सगळ्या बायका जोडीने बसलेल्या असतात, नवऱ्यांच्या मांडीवर बायकांच्या पिशव्या. माझ्या शेजारी माझी पिशवीच बसते. आईला सांगावं, तर तिचा जीव बाबांपाशी अडकलेला. ते अंथरुणाला खिळल्यापासून ती फोनवर दोन वाक्यं माझ्याशी बोलते आणि तिसरं त्यांच्याशी. ‘जेवलीस का, औषध घेतेस ना, अहो, कूस बदलू का?’ मग मीच म्हणते, ठेव आई, मी मजेत आहे.

गेल्या आठवड्यात वन्सं आल्या, नवऱ्याच्या थोरल्या बहीण. जुन्या मऊ कपड्यांचं बोचकं घेऊन आल्या होत्या. बसायला जागा नव्हती म्हणून ट्रंकेवरच बसल्या आणि आतल्या खोलीकडे बघून म्हणाल्या, ‘काय गं, राजवाडा बांधतोय की काय हा?’

‘बांधतोय खरा,’ मी म्हटलं. ‘राणीला बाहेर काढलंय तेवढं.’

त्या हसल्या आणि परत आतल्या खोलीकडे बघायला लागल्या. त्यांची आई याच्या वेळेला दवाखान्यात गेली ती परत आली नाही, हे मला लग्नाआधीपासून माहीत होतं. या घरात ते एका वाक्यात सांगतात आणि विषय बदलतात. त्या दिवशी वन्संनी विषय बदलला नाही.

‘बाबा याला टॉवेलात गुंडाळून घेऊन आले,’ त्या म्हणाल्या. ‘मी तेव्हा शाळेत जाणारी पोर. बाबांची नुसती तारांबळ. दूध स्वयंपाकघरात, हा आतल्या खोलीत. दुधापाशी उभे राहिले की हा टाहो फोडायचा, याला घ्यायला धावले की तिकडे दूध ऊतू. पाणी आणायला परत तिसरीकडे. म्हणायचे, सगळं त्या एका खोलीत असतं ना, तर एकट्या माणसालासुद्धा जमलं असतं. मरेपर्यंत म्हणत होते. याने शंभरदा ऐकलंय ते.’

वन्सं गेल्या आणि मी तिथेच उभी राहिले. एकट्या माणसालासुद्धा. मग किती दिवसांनी मी आतल्या खोलीत पाय ठेवला.

खाली अजून फरशी नव्हती, नुसता सारखा केलेला थर. भिंतींचं मात्र सगळं झालेलं. कोपऱ्यात नळ आणि छोटं बेसिन. त्याच्या शेजारी हातभर ओटा, त्यावर किटलीसाठी बटण. दुपटी वाळवायला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी, समोरच्या भिंतीला सामानाची फळी आणि खुंट्या. दूध, पाणी, कपडे, सगळं दोन पावलांत. या सगळ्याचा मी शेजारणीपाशी तोरा मिरवला होता, की माझ्या बाळाच्या खोलीत नळसुद्धा आहे म्हणून. मी दोरीला हात लावायला गेले. हात पोचेना. फळीपाशी गेले, टाचा उंचावल्या, पोट भिंतीला टेकलं, तरी बोटं खालीच राहिली. खुंट्यांचं तेच.

मी बुटकी आहे. लग्नात फोटोवाल्याने मला स्टुलावर उभं केलं होतं आणि नवऱ्याने ते स्टूल साडीने स्वतः झाकलं होतं. लग्न झाल्या झाल्या त्याने पहिलं काम केलं ते स्वयंपाकघराचा ओटा फोडून माझ्या उंचीचा करायचं. वन्संची तेव्हापासून कंबर धरते तिथे. माझ्या उंचीत चुकणारा हा माणूसच नव्हे. ही फळी त्याने स्वतःच्या हातासाठी लावली होती. भिंतीवर पेन्सिलीने पलंगाची जागा आखली होती, एका माणसाच्या पलंगाची, आणि त्याला लागून पाळण्याची. मी ती आखणी बघत राहिले. त्या खोलीत बाप होता, बाळ होतं, मी कुठेच नव्हते.

एवढे दिवस मला वाटत होतं, हा मला विसरलाय. विसरला असता तर परवडलं असतं. याने मला मनातल्या मनात पोचवून मागच्या तयारीलासुद्धा सुरुवात केली होती, आणि मी इकडे त्याच्यासाठी पोळ्या लाटत होते.

त्यानंतर मी तोंडाला कुलूप लावलं. जेवण वाढलं की ताट पुढे सरकवायचे आणि भिंतीकडे तोंड करून बसायचे. त्याने विचारलं, बरं नाही का? मी म्हटलं, मसाला वाळत असेल तुझा, जा.

रविवार उजाडला. तो सकाळपासून आत फरशा बसवत होता. रबरी हातोडीची टकटक ऐकून ऐकून माझं डोकं उठलं होतं. दुपारी टकटक थांबली आणि बराच वेळ काहीच आवाज नाही. मी चहा घेऊन दारापर्यंत गेले आणि बघते तर काय, खोलीभर नव्याकोऱ्या ओल्या फरशा, दारापासून थेट पलीकडच्या भिंतीपर्यंत, आणि त्या भिंतीला पाठ लावून, फळीखालच्या उरलेल्या वीतभर जागेत माझा नवरा उभा.

हे काम नेहमी आतून दाराकडे करत यायचं असतं. पहिल्या दिवशी शिकणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. हा दाराकडून सुरू करून आत गेला होता आणि स्वतःला कोंडून घेऊन बसला होता. खिडकीतून निघावं, तर बाळ पडू नये म्हणून गज त्यानेच बसवलेले.

मला हसू आलं. कपातला चहा सांडेपर्यंत मी हसले.

‘हसू नकोस,’ तो म्हणाला. ‘लक्ष नव्हतं माझं.’

‘कुठे होतं?’

‘कुठे नाही. उद्या सकाळपर्यंत पाय टाकता येणार नाही यावर. चहा राहू दे.’

‘म्हणजे आज तुला कुठेच पळता येणार नाही,’ मी म्हटलं, आणि माझं हसू गेलं. कप खाली ठेवला, दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिले. ‘मग सांग. ही फळी कोणासाठी लावलीस?’

त्याने वर फळीकडे पाहिलं. मग खाली फरशीकडे. ‘बाळाच्या सामानाला.’

‘सामान काढणार कोण? माझा हात पोचत नाही. दोरीला पोचत नाही, खुंटीला पोचत नाही. पलंग एकट्याचा. वन्संनी सांगितलंय मला बाबांचं.’

रस्त्यावर कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती होईना. ती सुरू होऊन निघून जाईपर्यंत तो बोटांवरचं सिमेंट खरवडत राहिला.

‘बाबांची काहीच तयारी नव्हती,’ तो म्हणाला. ‘माझी असावी, एवढंच. तू आलीस तर सगळं खाली घेईन मी. अर्ध्या दिवसाचं काम आहे ते.’

‘आलीस तर?’

‘तसं नाही गं.’

‘तसंच आहे. मी अजून जिवंत आहे, तुझ्यासमोर उभी आहे, दोन वेळा जेवतेय. आणि तू मला वगळून राहायला शिकतोयस. पोटाला हात लावत नाहीस, दवाखान्यात येत नाहीस, माझ्याशी बोलत नाहीस. मी या घरात इतकी एकटी कधीच नव्हते. लग्नाआधी भाड्याच्या खोलीत एकटी राहायचे, तेव्हासुद्धा नव्हते.’

‘दवाखान्याच्या दारापर्यंत आलो होतो मी,’ तो म्हणाला. ‘दोनदा. पाय आत पडेना.’

तो मनगटाने डोळे पुसायला लागला आणि मनगटालाही सिमेंट, ते डोळ्यात गेलं. बेसिन हाताशी होतं म्हणून बरं. तो तोंडावर पाणी मारत राहिला, गरजेपेक्षा जास्तच वेळ. मधे ती ओली फरशी होती. एरवी मी जाऊन पाठीवर हात ठेवला असता, आता नुसतं बघत उभी राहिले.

‘नळी आहे का तिकडे?’ मी विचारलं.

‘आहे. कशाला?’

‘टाक इकडे एक टोक.’

त्याने वेटोळं उचललं, पाणी सांडू नये म्हणून दोन्ही टोकांत एकेक खडा दाबून बसवला आणि एक टोक दारापर्यंत फेकलं. मी वाकू शकत नाही, म्हणून पायाने ओढून घेतलं आणि गुडघ्यावर हात देत देत कसंबसं उचललं. खडा काढला. चौकटीला पाठ लावून सरळ उभी राहिले आणि हात वर केला, टाचा न उचलता, पुरता वर.

‘इथपर्यंत माझा हात पोचतो,’ मी म्हटलं. ‘पाणी माझ्या बोटांपाशी आलं की तिकडे खूण कर. फळी तिथे येईल. दोरीपण तिथेच. आणि पलंग दोघांचा.’

त्याने आपल्या टोकातला खडा काढून ते भिंतीला लावलं, थोडं वर, थोडं खाली. पाणी माझ्या बोटांपाशी आलं. त्याची पेन्सिल कानावर होती, ती त्याने काढली, पण खूण करेना.

‘तू येशील ना परत?’ त्याने विचारलं. भिंतीकडे बघूनच.

मी परत येईन, हे मला कोणीतरी सांगावं म्हणून मी किती दिवस वाट बघत होते. डॉक्टरीणबाई सांगत नाहीत, त्या म्हणतात, बघू. आई फोनवर सांगत नाही. मला भीती वाटते का, हे एकानेही विचारलेलं नाही, आणि ज्याने विचारावं तो तिकडे भिंतीला टेकून तोच धीर माझ्याकडे मागत होता.

‘येणार,’ मी म्हटलं. ‘जाईन कुठे? तू सरळ धर.’

‘सरळच आहे. पाणी तुझ्याकडून हलतंय. हात धरून ठेव.’

मी दुसऱ्या हाताने मनगट घट्ट धरलं. पाणी नळीत वरखाली होतच होतं.

‘थांबलं?’ तो म्हणाला.

‘थांबलं,’ मी म्हटलं, आणि त्याने खूण केली.