न उघडलेलं दार

जळोचीहून आम्ही निमगाव केतकीला निघालो होतो. नात सई गाडी चालवत होती आणि मी तिला घडीत "हळू" म्हणत होते, घडीत "लवकर".

तरुणपणी मी एकाच सिनेमात काम केलं, एका गाजलेल्या जुन्या नाटकावरच्या. नाटकात घर सोडून गेलेला नवरा परत येतो आणि बायको दार उघडत नाही. चित्रीकरणही तसंच झालं. मग लोक चिडतील म्हणून वितरक घाबरले. मला परत बोलावून दार उघडायला लावलं, वर त्याचे पायही धुवायला लावले. पहिल्या शेवटाची रिळं गोळा करून नष्ट केली. त्या पाय धुण्यापायी बायका अजून माझं कौतुक करतात आणि माझं डोकं फिरतं. अलीकडे मात्र भीतीच वाटते. नजर चाललीय, आणि दार न उघडणारी मी खरंच होते की मनाचे खेळ, तेही कळेना.

निमगाव केतकीच्या गेणबांचं तेव्हा फिरतं तंबू टॉकीज होतं. त्यांनी पहिल्या शेवटाचं रीळ परत केलंच नव्हतं. "हाय की इंदिराबाई, ट्रंकंत हाय," असं ते फोनवर म्हणाले होते.

ट्रंक रिकामी निघाली.

गेणबांनी सुनेला हाक मारली. रेश्माचा चेहरा उतरला. "आबा, ती पट्टी व्हय? डाळिंबावर पाखरं लई बसत्यात म्हणून बांधली मी. पावसाळ्याच्या आधीच."

काठी विसरून मी बागेकडे निघाले. झाडाझाडांवरून पट्टी चमकत होती. सई एकेक तुकडा उन्हाकडे धरून बघू लागली.

"दिसतंय का गं काही?"

"नाही, आजी."

"नीट बघ की!"

पावसानं सगळं चित्र धुऊन नेलं होतं. मी बांधावर बसले आणि रडले.

गेणबांची बायको विजयमाला पाणी घेऊन आली. माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "तुमीच न्हवं का त्या? दार न उघडणाऱ्या?"

मी तिचा हात घट्ट धरला. "उघडलं नव्हतं ना? नक्की?"

"न्हाय उघडलं. कडीला हात लावला अन् मागं घेतला." तिनं मागून आलेल्या गेणबांकडे बघितलं. "माझं नवं लगीन झालं हुतं. हे पिऊन यायचे, मारायचे. तुमाला बघितलं, अन् एकदा मीबी उघडलं न्हाय."

गेणबा खाली बघत होते. "पुन्हा हात न्हाय उचलला मी," ते पुटपुटले.

"हिंमत न्हाय झाली म्हणा," विजयमाला म्हणाली.