घाणीत लोळायचं कसं

आत्या दारातच उभी होती. दोन्ही हातांत रबरी मोजे, आणि उजव्या हाताच्या दोन बोटांत, मेलेला उंदीर शेपटीने धरावा तसा, व्हिडिओ गेमचा कंट्रोलर.

"स्पिरिटने पुसलाय, तरी चिकट लागतोय," ती म्हणाली. "तुझा भाऊ याच हातांनी जेवायचा."

भाऊ म्हणजे माझा आतेभाऊ, तिचा एकुलता एक. लांब आणि बारीक, म्हणून लहानपणापासून लाटण्या. तो घर सोडून गेला होता आणि आत्याने मला त्याच्याच खेळासाठी बोलावलं होतं. तो खेळ मी शेवटपर्यंत पूर्ण केलाय. आमच्या घराण्यात माझ्या नावावर तेवढी एकच पदवी आहे. एरवी मी मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतो आणि लोकांच्या फोनच्या जाळीतून त्यांच्या कानातला मळ सुईने काढतो. किळस हा विषय मला नवा नाही.

पण आत्यापुढे मी बालवाडीत. ती अन्न तपासनीस आहे. हॉटेलच्या भटारखान्यात न सांगता शिरायचं, फ्रीजमागे टॉर्च मारायचा आणि दाराला सील ठोकायचं, ही तिची नोकरी. नातेवाईक तिला जेवायला बोलावत नाहीत. चुकून बोलावलंच तर ती येते, आणि चमचा उजेडात धरून बघते. आतोबा बदलीच्या गावी राहतात आणि फोटोत फार सुखी दिसतात.

झालं होतं असं, की लाटण्या मित्रांबरोबर फिरायला गेला असताना तिने त्याची खोली साफ केली. त्यात कपाटावरचा राक्षसही कचऱ्यात गेला. लाटण्या तो शाळेत असल्यापासून घडवत होता. माती, डिंक, मोडक्या बाहुल्यांचे हातपाय, आणि तोंडात लाटण्याचे स्वतःचे पडलेले दुधाचे दात. आत्याच्या मते ती घाण होती. खरं सांगायचं तर माझ्याही मते होती. लाटण्याने परत येऊन रिकामं कपाट पाहिलं, चार दिवस खोलीचं दार लावून बसला, मग पिशवी भरली आणि दुसऱ्या शहरात मित्रांकडे राहायला गेला. तेव्हापासून आईचा फोन उचलत नाही. आठवड्यापूर्वी त्याचा एकच मेसेज आला होता: 'बोलायचं असेल तर खेळात ये. दलदलीपलीकडे घंटाघर आहे. रविवारी संध्याकाळी सहापर्यंत थांबतो. नाही आलीस तर समजेन मी.'

"काय समजणार आहे तो?" मी विचारलं.

"तेच त्याला समजायला नकोय मला," आत्या म्हणाली. आज रविवार होता.

तिने लाटण्याच्या खोलीचं दार उघडलं. जमिनीवर मोजे, टीव्हीवर धुळीची साय. खिडकीत एक कप. कपात कधीकाळी दूध असावं. आता त्यातून हिरवट-करडी लव कडेपर्यंत वर आली होती, आणि तिच्यावर मध्येच एक गुलाबी ठिपका होता. तो माझ्याकडे बघत होता अशी माझी खात्री आहे.

"शी! आत्या, हे काय?" मी नाक दाबून कप उचलायला गेलो.

"हात लावू नको त्याला."

या बाईने एका हॉटेलला झुरळाच्या एका मिशीवरून सील ठोकलंय. मी हात मागे घेतला.

"तो गेल्यापासून या खोलीत मी काही पुसलेलं नाही," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "एकदा पुसलं ते पुरे झालं. चल, लाव ते खेळाचं यंत्र."

यावर विनोद करता येईना, म्हणून मी यंत्र लावलं.

सुरुवातीलाच योद्धा निवडायचा असतो. मी तिला सरदार, चेटकीण, दरोडेखोर अशी सगळी मंडळी समजावून सांगितली. तिने एकच प्रश्न विचारला, "यांतल्या कुणाला हातमोजे आहेत?" हातमोजे फक्त वैद्याला होते. खेळातला सगळ्यांत मरतुकडा माणूस तो. घेतला.

"आता ऐक," मी म्हणालो. "पहिला सल्ला, घाई करायची नाही. दुसरा, हाव धरायची नाही. दोन वार बसले की मागे सरक, तिसऱ्याचा मोह झाला की मेलीस. आणि मेलीस तरी रडायचं नाही. इथे मरण म्हणजे शिकवणी."

"ही बाटली कसली?"

"औषधाची. प्यायलीस की जखमा भरतात."

"माझ्याआधी कुणी प्यायलंय यातून?"

"तुझीच आहे ती."

"मेल्यावर परत कोण भरतं? कुठलं पाणी घालतात?"

ती प्यायली नाही. पहिल्या उंदराने तिला चावून मारलं. दुसऱ्या वेळी ती प्यायली, पण तोंड असं केलं की चव मलाच आली.

दुपारपर्यंत आम्ही दलदलीपाशी पोचलो. ज्याने ही दलदल आखली त्याला लहानपणी कुणीतरी नाक शिंकरायला शिकवायचं राहून गेलं असणार. पिवळसर पाणी, त्यावर साय, सायीवर बुडबुडे, आणि बुडबुडा फुटला की आत डोळा. काठावर फुगलेली प्रेतं बसलेली असतात. जवळ गेलं की ती प्रेमाने मिठी मारतात आणि फुटतात. या सगळ्याच्या मध्यावर, घंटाघराच्या वाटेत, दलदलीचा धनी उभा असतो. तो आचारी आहे. घराएवढा. दलदल ही त्याची आमटी.

आत्या पुढे सरसावून बसली. कितीतरी महिन्यांनी तिच्या डोळ्यांत तेज आलं.

"टोपी नाही घातलीय. नखं बघ. आणि ते काय, शिंकला? भांड्यात?" ती उठून उभी राहिली. "परवाना कुठाय याचा?"

"आत्या, पळी येतेय, लोळ!"

"काय?"

"लोळ! गोल बटण दाब! पळी आली की जमिनीवर लोळण घ्यायची, म्हणजे वार वरून जातो!"

"त्या घाणीत?"

पळी बसली. वैद्य सायीखाली गेला आणि वर एक बुडबुडा आला.

मग तेच सुरू झालं. आत्याची नजर घारीची. आचारी पळी मारण्याआधी ती एप्रनला पुसतो, हे मला तो खेळ पूर्ण करूनही कळलं नव्हतं. तिने दुसऱ्या फेरीत हेरलं. वार कधी येणार ते तिला आधीच कळायचं. आणि कळूनही ती ताठ उभी राहायची. मागे सरकायची, ढाल धरायची, एकदा तर त्याला "लांब हो!" म्हणून ओरडली. पण लोळायची नाही. ढाल मोडली. बाटली संपली. वैद्य स्वच्छ मरत राहिला.

"अगं, चित्र आहे ते! तुला काय लागणार आहे?"

"मला येतोय वास."

"तो कपाचा आहे!"

साडेपाच वाजून गेले. मी कंट्रोलर मागितला. म्हटलं, मी मारतो त्याला, तू पुढे जा. तिने दिला नाही. "त्याने मला बोलावलंय," ती म्हणाली. "तू मारून मी कसली पोचले?"

मग तिने एक गोष्ट केली. हातमोजे काढले. आधी डावा, मग उजवा. तो चिकट कंट्रोलर उघड्या हातांत धरला, खांदे आखडले, आणि तोंड इतकं वाकडं केलं की आमच्या आजीचा जुना फोटो आठवला.

"आता लोळायचं कसं ते नीट सांग."

"वाराच्या दिशेने. लांब पळायचं नाही. थेट त्याच्या पायांत."

"पायांत काय आहे?"

"बघू नको."

आचाऱ्याने पळी एप्रनला पुसली. "शी शी शी शी," म्हणत आत्याने डोळे मिटले आणि बटण दाबलं. वैद्य त्या सायीत, डोळ्यांत, प्रेतांच्या उरलेल्या भागांत गोल लोळला आणि पळी वरून गेली. उठून तिने दोन वार केले. मागे सरकली. तिसऱ्याची हाव धरली नाही. पुन्हा लोळली. आता प्रत्येक लोळणीला ती नवी शिवी देत होती, आणि त्यांतल्या काही सरकारी नोकरीत शिकलेल्या असाव्यात. शेवटी आचारी स्वतःच्याच आमटीत तोंडावर पडला. जाता जाता त्याने जे ओकलं, त्याचं वर्णन मी करणार नाही. मला रात्री जेवायचंय.

सहाला थोडाच वेळ होता. घंटाघरात एक लांब, बारीक योद्धा पाय पसरून बसला होता. चिलखतावर शेवाळ, केसांत आळ्या. दारातून आत येणाऱ्या वैद्याकडे त्याने पाहिलं. वैद्याच्या टोपीपासून बुटांपर्यंत पिवळी साय निथळत होती, हातमोजेसुद्धा दिसत नव्हते.

"नमस्कार कुठल्या बटणाने?" आत्याने मला कुजबुजून विचारलं. मी सांगेपर्यंत तिने घाईत तिला येत असलेलं एकमेव बटण दाबलं. वैद्य लाटण्यासमोर गोल लोळला.

योद्धा हलला नाही. आत्याने पुन्हा दाबलं. पुन्हा लोळण. मग तो उठला आणि तोही लोळला. दोघं त्या पडक्या घंटाघरात, चिखलात, गोल गोल. मी इतकं घाणेरडं दृश्य कधी पाहिलं नाही, आणि मी कानातला मळ काढतो.

मग मी कंट्रोलरमधला माइक सुरू केला आणि टीव्हीतून आवाज आला. "आई? तू... लोळलीस?"

"फार घाण आहे रे हा तुझा खेळ," आत्या म्हणाली. मग घसा साफ करून, "तुझा राक्षस टाकण्याआधी मी विचारायला हवं होतं. चुकलं माझं."

दोन्ही माणसं साय निथळत उभी.

"तुझी खोली तशीच आहे," ती म्हणाली. "कपसुद्धा. खिडकीतला."

"कुठला... दुधाचा? धुतला नाहीस अजून?"

"नाही."

"शी! आई!" लाटण्या ओरडला. "काय घाण आहेस गं तू! मी पुढच्या रविवारी येऊन धुतो, तोवर दार तरी लाव!"

आत्याने कंट्रोलर मांडीवर ठेवला. इतकी खूश ती मला एकदाच दिसली होती, झुरळाची ती मिशी सापडली तेव्हा.