साड्यांतले किडे

सोयाबीन कापलं की हे किडे घरात शिरतात. नखाएवढे, तपकिरी, ढालीसारखे चपटे. एखादा चिरडला की असा वास सुटतो की घास गिळवत नाही. पूर्वी कुरुंदवाडच्या आमच्या घरात चार-दोन दिसायचे. यंदा पडद्यात, देवघरात, माझ्या चष्म्याच्या डबीत, सगळीकडे.

राजमती, माझी बायको, एकेक किडा कागदाच्या पुडीत धरून बाहेर सोडायची. मी म्हणायचो, "शेतात मी पंपावर पंप औषध मारतो, आणि तू एका किड्यासाठी उठतेस?" ती म्हणायची, "शेतातलं तुमचं, घरातलं माझं."

उन्हाळ्यात ती गेली. फुप्फुसं निकामी झाली होती. जायच्या आधी तिनं माझा हात धरून नियम घ्यायला लावला. वर्षभर घरात औषध मारायचं नाही. आम्हा जैनांत नियम घेतला की मोडत नाहीत. मी रडत होतो, हो म्हणून गेलो. आता राग येतो. जाणाऱ्या माणसानं मागे राहणाऱ्याला असं बांधून घालू नये.

तेव्हापासून मीच किडे डब्यात भरतो आणि मागच्या शेवग्याखाली सोडतो. रोज डबा भरतो.

परवा मुलगा सम्मेद म्हणाला, "अण्णा, कोल्हापूरहून फवारणीवाला बोलावलाय. उद्या येतोय."

"फोन कर आणि येऊ नको म्हण."

"काल माझ्या चहात किडा पडला!"

"मग गाळून पी."

सून रुचिता दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "अण्णा, आईंचं कपाट तरी उघडून बघूया. त्या बाजूला लई वास यायलाय."

"त्या कपाटाला कुणी हात लावायचा नाही," मी ओरडलो. ती आत गेली. मला वाईट वाटलं नाही.

त्या कपाटात राजमतीच्या साड्या होत्या. दुपारी घरात कुणी नसलं की मी दार वीतभर उघडायचो आणि तोंड आत घालायचो. कापूर, खोबरेल आणि ती. तिचं म्हणून तेवढंच उरलं होतं. मग दार नुसतं लोटून ठेवायचो. मूठ फिरवली की खाडकन आवाज होतो, आणि मला कुणाला कळू द्यायचं नव्हतं.

चार दिवस सर्दीनं मला कसलाच वास येत नव्हता. काल नाक मोकळं झालं. दुपारची वाट न बघता दार उघडलं आणि तोंड आत घातलं. किड्यांचा वास. फक्त तोच. साडी ओढली तर घडीतून किडे खाली पडले. दुसरी ओढली, तीच गत. मी शिव्या द्यायला लागलो. सकाळी ज्या तोंडानं णमोकार मंत्र म्हटला होता, त्याच तोंडानं.

शेजारचा भीमाप्पा धावत आला. आम्ही लहानपणापासूनचे.

"कुणाला घालायलाईस रं शिव्या?"

"किड्यांना."

"मला वाटलं सुनेला. म्हटलं, जावं का नको?" तो खिडकीशी गेला आणि तिथंच थांबला. "भूपाल, तू डबा कुठं सोडतोस?"

"शेवग्याखाली."

"आरं, शेवगा खिडकीला टेकलाय की! भिंतीला दिवसभर ऊन. त्यास्नी ऊबच पायजे. तू सोडत न्हाईस गड्या, फिरवून आणायलाईस."

खिडकीच्या जाळीला कोपऱ्यात भोक होतं. राजमतीच्या ऑक्सिजनच्या यंत्राची वायर बाहेरून शेजारच्या खोलीत न्यायला मीच कापलेलं. नंतर बुजवलं नाही. खिडकीला लागून कपाट, आणि कपाटाचं दार मीच रोज उघडं ठेवलेलं. वाट मीच करून दिली होती.

सम्मेद स्प्रेचा डबा घेऊन आला. "अण्णा, आता तरी मारू?"

"आईच्या साड्यांवर?" मी म्हणालो. "मार. आधी माझ्या तोंडावर मार."

"सम्मेद बाळा, ठेव त्यो डबा," भीमाप्पा त्याला लाडानं म्हणाला. "आधी जाळी शिव जा."

मी साड्या अंगणात आणल्या. लग्नातला शालू उलगडला. मधोमध सहा किडे, एकमेकांना चिकटून बसलेले. मी पायातली चप्पल काढून हातात घेतली. खरं सांगतो, धर्म आठवला नाही, नियमही नाही. शालूवर डाग पडेल एवढंच आठवलं. चप्पल फेकून दिली आणि एकेक किडा बोटानं उचलला. हात दिवसभर घाण मारत होता.

भीमाप्पानं भरलेला डबा गाडीला अडकवला आणि नदीपलीकडच्या माळावर रिकामा करून आला. "आता यायचं तर पूल वलांडून या म्हटलं," म्हणाला. कुणी हसलं नाही. तोच हसला.

रुचितानं सुती साड्या धुतल्या, रेशमी उन्हात टाकल्या. संध्याकाळी, जेवणाआधी, मी दोरीवरच्या साड्यांचा एकेक करून वास घेतला. पावडर. पावडर. ऊन. शालूला काहीच नाही. राजमती कुठंच नव्हती. रुचिता बघत होती. मी लपवलं नाही.

"तुला हव्या त्या घे," मी म्हणालो. "उरलेल्या तिच्या बहिणींना दे."

"अण्णा, राहू दे की कपाटात."

"कशाला? कपडे आहेत ते नुसते. ने."

तिनं घड्या घालायला घेतल्या. तिचे डोळे भरले होते. मला त्याचाही राग आला.

"पण वर्ष होईपर्यंत माझ्यासमोर नेसू नको," मी म्हणालो आणि हात धुवायला गेलो.